रागावण्याआधी मुलाची पाठ बघा

पाच-सहा वर्षांची मुलगी खेळता खेळता एकदम थांबते. एका पायाची टाच अंगाखाली घेऊन खाली बसते, क्षणभर हलत नाही आणि मग उठून पुन्हा पळायला लागते. घरच्यांना वाटते, चप्पल नीट करत असेल. मुलगे पायाला पाय गुंतवून उभे राहतात किंवा चड्डी पुढून मुठीत धरतात. लघवीच्या पिशवीला अचानक आलेली कळ ही मुले बाहेरून दाबून थांबवत असतात. ती टाच बरोबर तिथेच टेकते, जिथून लघवीचा मार्ग बाहेर येतो. कधी हे जमते, कधी चड्डी ओली होते आणि मग घरात ठरलेला प्रश्न येतो, "एवढी घोडी झालीस, तरी कळत नाही का?"

तिला कळते. तिच्या हातात नसते, एवढेच. लघवीवरचा ताबा हा मेंदू, मज्जारज्जू आणि ओटीपोटातले स्नायू यांच्या ताळमेळाचा प्रश्न आहे. हा ताळमेळ हळूहळू बसतो, कधी चुकीच्या सवयीने बिघडतो, आणि काही थोड्या मुलांत जन्मतःच नसांमध्ये दोष असतो. तिन्ही प्रकारांत रागावण्याचा उपयोग शून्य आहे आणि तिसऱ्या प्रकारात वेळ गेला तर मूत्रपिंडे जातात. म्हणून आपल्या मुलाचे काय चालले आहे, हे ओळखण्यापुरती या यंत्रणेची रचना प्रत्येक पालकाला माहीत हवी.

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी नुसती उतारामुळे खाली येत नाही. मूत्रवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. त्यांत मिनिटाला साधारण एक ते पाच वेळा आकुंचनाची लाट उठते आणि लघवी थोडी थोडी करून पिशवीकडे ढकलली जाते. पाळण्यात आडव्या असलेल्या बाळाची लघवीही त्यामुळेच खाली पोहोचते. मूत्रवाहिनी पिशवीत शिरते ती तिच्या भिंतीतून तिरकी. पिशवी भरून भिंत ताणली गेली की हा तिरका तुकडा चपटा होतो आणि लघवीची उलटी वाट बंद होते. लहान बाळांत हा तुकडा आखूड असतो. काहींत तो फारच आखूड राहतो, आणि मग लघवी करताना थोडी लघवी वर मूत्रपिंडाकडे परतते. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. सौम्य रिफ्लक्स वाढीबरोबर बहुधा आपोआप थांबतो. पण परतणाऱ्या लघवीबरोबर जंतू वर गेले, तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण पडू शकतात.

जंतूंचा विषय निघाला की नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरच्या उन्हाळ्याबद्दल बोलायलाच हवे. तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात, वावी-पांगरीच्या बाजूला, पाऊस कमी आणि मार्चनंतर पाण्याची ओढाताण. मुले दिवसभर उन्हात आणि पाणी पिणार मोजके. लघवी पिवळीजर्द होते, जळजळते आणि आजी म्हणते, "उन्हाळी लागलीय." धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी जरूर द्यावे, पाणी पोटात जाते हे चांगलेच. पण सोबत ताप असेल, तर थांबू नका. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत आणि तरीही लहान मुलाला सणकून ताप आहे, अशा वेळी लघवीची तपासणी झालीच पाहिजे, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी कल्चरसाठी नमुना घेतलेला असला पाहिजे. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू बहुधा सापडत नाहीत आणि पुढच्या सगळ्या उपचाराचा आधारच निघून जातो. नमुना धारेच्या मधला असावा आणि त्याआधी ती जागा साध्या पाण्याने धुवावी. दोन वर्षांखालच्या मुलाला हे जमत नाही, म्हणून डॉक्टर बारीक नळी घालून नमुना घेतो म्हणाले, तर घाबरून नकार देऊ नका. चिकटवायच्या पिशवीत गोळा केलेल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात आणि अहवाल फसवा निघतो.

आता पिशवीकडे येऊ. मूत्राशयाची भिंत म्हणजे एकमेकांत विणलेल्या स्नायूंच्या जुड्या. या स्नायूला डिट्रुसर म्हणतात. त्याला दोन कामे येतात. भरताना तो सैल राहतो, इतका सैल की आतली लघवी वाढली तरी आतला दाब जवळजवळ वाढत नाही. रिकामे करताना तो एकदम आवळतो. पिशवीच्या मानेशी एक गोल स्नायू आहे, त्यावर आपली इच्छा चालत नाही. त्याच्या खाली दुसरा गोल स्नायू आहे, तो मात्र आपल्या ताब्यातला. "थांब, पोचलोच घरी," असे आई एसटीत सांगते तेव्हा मूल हाच दुसरा स्नायू आवळून धरते.

या स्नायूंकडे तीन वाटांनी नसा येतात. छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या वरच्या पातळीवर मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसा पिशवीला सैल ठेवतात आणि तिची मान बंद ठेवतात; त्यामुळे लघवी साठते. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाकडून, दुसऱ्या ते चौथ्या त्रिक खंडातून, निघणाऱ्या नसा डिट्रुसरला आवळायला लावतात. आणि त्याच खंडांतून निघणारी प्युडेंडल नस इच्छेने चालणारा बाहेरचा स्नायू सांभाळते. या तीन वाटांचा मेळ मेंदूच्या खोडातले एक केंद्र घालते. पिशवी आवळायची त्याच क्षणी खालचा स्नायू सैल सोडायचा, ही आज्ञा तिथून सुटते. आणि आत्ता सोडायची की नाही, हे कपाळामागचा मेंदू ठरवतो.

शौचाची जागा आवळणारा स्नायूही याच शेवटच्या खंडांवर चालतो, आणि पावलांच्या बारीक स्नायूंच्या नसा त्यांच्या अगदी शेजारून निघतात. हे लक्षात ठेवा. लघवीच्या तक्रारीत डॉक्टर शौचाबद्दल का विचारतात, चप्पल काढायला का लावतात आणि पाठ का पाहतात, त्याचे उत्तर यात आहे.

नवजात बाळाच्या पिशवीत साधारण ३० मिलिलिटर लघवी मावते आणि ते दिवसाला वीसेक वेळा शू करते. शू होण्याआधी झोपलेले बाळ चुळबुळते, कधी रडते; आयांना हे माहीत असते. पायांवर घेऊन "शू... शू..." असा आवाज काढण्याची आपली जुनी पद्धतही चांगली आहे, त्या आवाजाशी शू जोडली जाते. मात्र बाळाने त्या आवाजाला दाद दिली म्हणजे त्याला ताबा आला, असे समजू नका. पिशवी भरल्याची जाणीव मुलाला दीड-दोन वर्षांच्या सुमारास होऊ लागते. दिवसाचा ताबा तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत बसतो, रात्रीचा त्यानंतर. वयात एक मिळवून ३० ने गुणले की त्या वयाच्या पिशवीत किती मिलिलिटर मावावे, याचा अंदाज येतो. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची १८०, आठ वर्षांच्या मुलाची २७०. शाळकरी मूल दिवसात साधारण चार ते सात वेळा लघवीला जाते. तीन किंवा त्याहून कमी, अथवा आठ किंवा त्याहून जास्त वेळा जात असेल, तर लक्ष द्यायला हवे.

आणि तीन किंवा त्याहून कमी वेळा जाणारी मुले शाळांत ढिगाने सापडतात. मूल सकाळी घरून निघते ते दुपारी परत येते. शाळेतले स्वच्छतागृह घाण असते, कडी नसते, पाणी नसते किंवा "बाई, जाऊ का?" विचारल्यावर "सुट्टीत जा" हे उत्तर मिळते. मग मूल शिकते ते धरून ठेवायला. घरी आल्यावर दप्तर फेकून आधी मोरीकडे धाव घेणारे मूल हा गमतीचा विषय नाही. सतत धरून ठेवणाऱ्या मुलाचा खालचा स्नायू सैल सोडणेच विसरतो. लघवी करतानाही तो अर्धवट आवळलेला राहतो, धार तुटक येते, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. बंद वाटेशी झुंजून पिशवीची भिंत तालमीतल्या दंडासारखी जाड होत जाते, आणि पैलवानाचा दंड भरणे चांगले असले तरी पिशवीची भिंत जाड होणे वाईट. ती ताणायची विसरते, आतला दाब वाढतो आणि तो वर मूत्रपिंडांपर्यंत जातो. मागे उरलेल्या लघवीत जंतू वाढतात ते वेगळेच.

याचे औषध मेडिकलच्या दुकानात नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळेत मुलगे आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी असलेच पाहिजे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या बैठकीत रंगरंगोटीआधी कडी, पाणी आणि सफाईचा विषय घ्या. लघवीला जायची परवानगी नाकारायची नाही, हा नियम मुख्याध्यापकांकडून लेखी काढून घ्या. माझ्या मते मुलांच्या मूत्रपिंडांसाठी गावपातळीवर करता येण्यासारखे यापेक्षा मोठे काम नाही.

घरी काय करायचे? दर दोन ते तीन तासांनी मुलाला लघवीला पाठवायचे, कळ येण्याची वाट न पाहता. "शू आली का?" असे विचारू नका; खेळात रमलेले मूल "नाही" म्हणणारच. "चल, जाऊन ये," एवढेच म्हणा. सिन्नरमध्ये कितीतरी घरांत आई विड्या वळायला बसते आणि हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत स्वतःही जागची उठत नाही. मुले हेच बघून शिकतात. दोघांनी एकाच वेळी उठायचे ठरवले, तर दोघांचेही भले होते. कमोड असेल तर मुलाच्या पायांखाली पाट किंवा स्टूल ठेवा; पाय लोंबकळत असले की ओटीपोटाचे स्नायू सैल पडत नाहीत. मुलींनी गुडघे फाकवून, चड्डी घोट्यापर्यंत उतरवून निवांत बसावे. कुंथायचे नाही. लघवी झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. पाणी सकाळ-दुपारी भरपूर, संध्याकाळनंतर बेताचे.

पोट साफ नसेल, तर यातले काहीही टिकत नाही. गुदाशय पिशवीच्या अगदी मागे आहे. तिथे कडक शौचाचा खडा साठला की पिशवीला जागा उरत नाही, आणि आवळून धरण्याची सवय दोन्हीकडे एकच असते. मुलाला रोज शौचास होते म्हणून बद्धकोष्ठ नाही, असे ठरवू नका. शौच कडक, गोळ्या-गोळ्यांची किंवा संडास तुंबेल इतकी जाड होत असेल, चड्डीला डाग लागत असतील, तर खडा आत आहे. जेवणानंतर पाच-दहा मिनिटे मुलाला शांतपणे बसवा, बाजरीची भाकरी, पालेभाजी, पपई, भिजवलेल्या मनुका आहारात ठेवा, बिस्किटांचे पुडे आणि दूध पाजण्याची हौस आवरा. खडा जुना असेल, तर डॉक्टर काही महिने शौच मऊ ठेवणारे औषध देतात. आठ दिवसांत बरे वाटले म्हणून ते बंद करू नये. ताणलेले आतडे पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

रात्री अंथरूण ओले करणारी मुले हा वेगळा गट. पाचव्या वर्षी शंभरातली साधारण पंधरा मुले अंथरूण ओले करतात आणि दरवर्षी त्यांतली पंधरा टक्के आपोआप थांबतात. हे घराण्यात चालत येते. आईवडील दोघांनाही लहानपणी ही सवय असेल, तर मुलाला ती असण्याची शक्यता चारांत तीन. रात्री लघवी कमी करणारे संप्रेरक पुरेसे न सुटणे, पिशवी लहान असणे आणि पिशवीचा निरोप पोहोचूनही जाग न येणे, ही त्याची कारणे. सहा-सात वर्षांनंतर उपचार करता येतात: ओल लागताच वाजणारा अलार्म किंवा संप्रेरकाची गोळी, ती डॉक्टरांनी सांगितली तरच आणि ती घेतल्यावर रात्री पाणी जवळजवळ बंद ठेवून. शेजाऱ्यांदेखत गादी वाळत टाकून मुलाला लाज वाटेल असे काही करू नका. मात्र सहा महिने किंवा जास्त कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर कारण शोधायलाच हवे. तहान वाढली असेल, वजन घटत असेल, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासा. घरात, शाळेत, येण्या-जाण्याच्या वाटेवर कुणी त्याला घाबरवत किंवा त्रास देत आहे का, हेही मुलाला जवळ घेऊन विचारा.

इथपर्यंतचे बहुतेक सवयीने सुधारते. आता पाठ.

गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बाळाच्या मज्जारज्जूची नळी मिटते. ती खालच्या टोकाला नीट मिटली नाही, तर पाठीवर उघडी गाठ घेऊन बाळ जन्मते. हा स्पायना बायफिडा. ही गाठ दिसते, म्हणून निदान होते. फसवतो तो झाकलेला दोष. पाठीच्या खालच्या टोकाला, माकडहाडाच्या वर केसांचा पुंजका, खोल खळी, मऊ चरबीची गाठ, लालसर चट्टा किंवा वाकडी गेलेली नितंबांमधली घळ एवढीच खूण असते. आत मज्जारज्जू खाली अडकलेला असू शकतो. जन्मतः मज्जारज्जूचे टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास असते आणि कणा वाढेल तसे ते वर सरकते. अडकलेले टोक सरकू शकत नाही, ताण पडतो आणि सर्वांत आधी बिघडतात त्या शेवटच्या खंडातल्या लघवीच्या नसा. पूर्वी कोरडे राहणारे मूल ओले होऊ लागते, चालताना पाय ओढते, एका पावलाची कमान वाढते, एक चप्पल लवकर झिजते. म्हणून म्हणतो, ओल्या चड्डीवरून ओरडण्याआधी आंघोळीच्या वेळी मुलाची पाठ उजेडात नीट बघा.

पाठीखेरीज आणखी काही खुणा अजिबात थांबण्याच्या नाहीत. मुलग्याची धार बारीक, थेंब-थेंब येते आणि तो कुंथतो: त्याच्या मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो. हा दोष फक्त मुलग्यांत असतो, गरोदरपणीच्या सोनोग्राफीत बाळाची मूत्रपिंडे फुगलेली दिसली असतील तर जन्मताच तपासावा लागतो, आणि पडदा दुर्बिणीतून कापता येतो. मुलगी वेळच्या वेळी लघवीला जाते आणि तरीही दिवसरात्र चड्डी ओलसर असते: एखादी मूत्रवाहिनी पिशवीत न उघडता भलतीकडे उघडत असू शकते. ही शस्त्रक्रियेने बरी होणारी गोष्ट वर्षानुवर्षे "आळशीपणा" म्हणून खपते. लघवीत रक्त, वारंवार तापासह संसर्ग, लघवी आणि शौच दोन्हीवर ताबा नसणे, ही लक्षणेही याच यादीत.

नसांत दोष असलेल्या पिशवीचे मुख्य भय ओलेपणा हे नाही, आतला दाब आहे. पिशवीत सतत ४० सेंटिमीटर पाण्याहून अधिक दाब राहिला, तर मूत्रपिंडे खराब होतात. यावरचा सर्वांत मोठा उपाय साधा आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील मिशिगनमध्ये जॅक लॅपिडीस या मूत्ररोगतज्ज्ञाने दाखवले की दर तीन-चार तासांनी स्वच्छ, निर्जंतुक नसली तरी चालेल अशी, बारीक नळी घालून पिशवी पूर्ण रिकामी केली तर मूत्रपिंडे वाचतात. आज जगभर हीच पद्धत आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्या आईचे काळीज चरकते, ते स्वाभाविक आहे. पण आई ही पद्धत शिकते, आणि सहा ते आठ वर्षांचे मूल बहुधा स्वतः करू लागते. हात साबणाने धुवायचे, नळी धुऊन वाळवून स्वच्छ डब्यात ठेवायची. पिशवी सैल ठेवणारे औषध, ऑक्सिब्युटिनिन, सोबत देतात. या मुलांना लॅटेक्स रबराची ॲलर्जी पुष्कळदा होते, म्हणून कुठल्याही दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा, हातमोज्यांबद्दल आधी सांगा. शाळेत कडी असलेली एक खोली आणि पाणी मिळाले, की असे मूल इतरांसारखे पूर्ण दिवस वर्गात बसू शकते.

लग्न ठरलेल्या किंवा बाळाचा विचार करणाऱ्या प्रत्येक मुलीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावे. पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत त्या २८ दिवसांतले बरेच दिवस गेलेले असतात, म्हणून गोळी आधीपासून हवी. आधीच्या बाळाला पाठीचा दोष असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मोठा डोस लागतो, रोज ४ मिलिग्रॅम. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ च्या अभ्यासात त्याने पुढच्या बाळातला धोका जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटला. आशाताईंकडे याबद्दल विचारायला संकोच करू नका.

कुठे जायचे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते, आणि पाठीचा जन्मदोष त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. अंगणवाडीताईंना पथकाची तारीख विचारा, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पाठीवरची खूण स्वतः दाखवा. वाट बघण्यासारखे नसेल, तर सिन्नरच्या सरकारी रुग्णालयातून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. बालशल्यचिकित्सकाची गरज लागली तर नाशिकला विचारा, किंवा मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय गाठा. शस्त्रक्रिया ठरल्यास महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ असू द्या.

जाताना एक वही न्या. सुट्टीचे दोन दिवस निवडून मुलाने किती वाजता लघवी केली, मापाच्या प्लास्टिकच्या मगात ती किती भरली, केव्हा ओले केले, किती पाणी प्यायले आणि शौच कसे झाले, हे त्यात लिहा. सोनोग्राफीला गेलात, तर पिशवी भरलेली असताना आणि लघवी केल्यावर, अशी दोनदा तपासणी करायला सांगा. मागे किती लघवी उरते हे त्यातूनच कळते. एमसीयू, म्हणजे पिशवीत रंगद्रव्य भरून काढायचे एक्स-रे, सांगितले असेल, तर ही तपासणी संसर्ग पूर्ण बरा झाल्यावरच करायची असते; लघवीचा ताजा अहवाल सोबत ठेवा आणि नळी घालणार आहेत हे मुलाला आदल्या दिवशीच खरे-खरे सांगा.